मागची सीट

"काका, गाडी मी चालवतो. तुम्ही मागे बसून बघा," मेकॅनिक म्हणाला, आणि ती जुनी गाडी घेतल्यापासून दिगंबरराव पहिल्यांदाच तिच्या मागच्या सीटवर बसले.

पुढे त्यांच्या शेजारी त्यांचे वडील बसायचे, म्हणून बायको कुमुद मागे. वडील गेले, तरी सवयीने ती मागेच बसत राहिली. जळगावच्या उन्हात बिचारी म्हणायची, "अहो, मागे हवाच येत नाही." यांचं उत्तर ठरलेलं, "मला तर इथे थंडी वाजतेय. तुझंच आपलं काहीतरी!" पुढे पुढे तिने सांगणंच सोडलं. परवा तिच्या दहाव्याहून परतताना लेक मागे बसली, घामाघूम होऊन कडाडली, तेव्हा कुठे गाडी गॅरेजात आली.

मेकॅनिकने हायवेला एक चक्कर मारली. मागे जीव नुसता गुदमरत होता. दिगंबररावांच्या हाताला पुढच्या सीटच्या खिशात काहीतरी लागलं. जुनी लग्नपत्रिका होती, वारा घेऊन घेऊन कडेने मऊ पडलेली.

"गॅस बरोबर आहे, कॉम्प्रेसरही ठीक," गाडी थांबवत मेकॅनिक म्हणाला. "एसीच्या मधल्या दोन्ही जाळ्या तुम्ही स्वतःकडे वळवून ठेवल्यात. मागे हवा जाणार कशी?"

त्याने एका बोटाने जाळ्या सरळ केल्या. दुरुस्ती तेवढीच होती. गार झोत थेट मागच्या सीटवर आला.

"आलं का गार, काका?"

दिगंबरराव हातातल्या पत्रिकेच्या मऊ पडलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिले.