अकरा साक्षी आणि एक अपवाद

“ही बाई काढून टाक,” प्रबंधाचे मार्गदर्शक म्हणाले. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी त्यांनी बारावी मुलाखत दोन बोटांनी उचलली आणि टेबलाच्या कडेला ठेवली.

समोर नर्स बसली होती. पंधरा वर्षं बालरुग्णांच्या वॉर्डात राबून ती या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात आली होती. तिच्या प्रबंधाचा विषय साधा होता: पोटचं पोर गेल्यावर आईच्या श्रद्धेचं काय होतं? एकाच चर्चच्या मंडळीतल्या बारा आयांना तिने विचारलं. अकराजणी म्हणाल्या, प्रभूने बळ दिलं. बारावी म्हणाली, “पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, तुझी श्रद्धा कमी पडली. त्या दिवशी मी पवित्र शास्त्र मिटलं ते मिटलंच.”

“पण सर, संशोधनाच्या आराखड्याच्या प्रकरणात तुम्हीच लिहायला लावलंत ना? प्रभूच्या दाखल्यातला मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकामागे जातो. गुणात्मक संशोधनही डोकी मोजत नाही, एकेकाला शोधत जातं.”

“ते प्रकरणाच्या माथ्यावर शोभतंय. तिथंच राहू दे.” सरांनी घड्याळ बघितलं. “अकराजणी एका तोंडाने बोलतात. एक कडवट बाई म्हणजे अपवाद. सोमवारी प्रबंधावर माझी सही हवी की नको?”

असे हे विद्वान. पानोपानी वचनं डकवायची, आणि वचन अंगाशी आलं की डोळ्यांवर कातडं ओढायचं. आणि नर्स तरी कुठली मोठी शूर! ड्यूट्या सांभाळून चार वर्षं घातली होती. पदवी हातात आली की याच कॉलेजात नोकरी पक्की. तिने मान डोलावली. बारावी मुलाखत पिशवीच्या तळाशी गेली.

आता एकच सोपस्कार उरला. मुलाखत कागदावर उतरली की जिची तिला वाचायला द्यायची आणि ‘बरोबर आहे’ म्हणून सही घ्यायची, असा या संशोधनाचा नियम. शनिवारी दुपारी नर्स पहिल्या आईच्या दारात उभी राहिली. ही शिवणकाम करणारी मावशी म्हणजे प्रबंधाचा कळस. ‘बाळ गेलं, पण देव माझ्या उशाशी बसून होता,’ हे तिचं वाक्य शेवटच्या प्रकरणाचं शीर्षक झालं होतं.

मावशीने मशीन थांबवलं, चष्मा चढवला आणि दोन्ही पानं वाचली. मग ती हसली. ते हसू काही बरं नव्हतं.

“हे मी बोलले?”

“तुमचेच शब्द आहेत, मावशी. रेकॉर्डरवर आहेत.”

“बोलले गं. पण कुठं बोलले? पाळकसाहेबांच्या ऑफिसात! खुर्ची त्यांची, चहा त्यांचा, मधलं दार सताड उघडं आणि पलीकडे ते स्वतः खोकतायत. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं?”

अकराही मुलाखती त्याच ऑफिसात झाल्या होत्या. सरांनीच सोय करून दिली होती. पंखा आहे, शांतता आहे, म्हणाले होते. फक्त बारावी चर्चची पायरी चढायला तयार नव्हती, म्हणून तिच्याशी तिच्या स्वयंपाकघरात बसून बोलावं लागलं होतं.

‘जाऊ द्या मावशी, सही तेवढी करा.’ शब्द अगदी ओठांवर आले होते. सोमवार दोन दिवसांवर होता. नर्सने पर्समध्ये हात घातला, पेन चाचपलं, सोडून दिलं आणि रेकॉर्डर बाहेर काढला.

“लाव,” मावशी म्हणाली. “पोरगा गेला त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून देवाशी मी एक शब्द बोललेले नाही. दर रविवारी पहिल्या बाकावर बसते. तिथं बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.”