घळीपर्यंतची वाट

"पाटी लावू नका म्हटलं मी पेठेतल्या लोकास्नी," बायडाबाई म्हणाली. "पण ऐकत्यात व्हय? पुढच्या रविवारी लावणार म्हणं."

जोतीरामनं तिचा हात धरून तिला शेवटच्या पायरीवरून उतरवलं. इथून पुढं वाट सपाट होती. ओढ्याच्या काठानं फरशी घातलेली, दोन बागांतनं जाणारी आणि मग उंच कातळांच्या घळीत शिरणारी. गुडघे धरलेल्या म्हातारीलाही जमावी अशी. दर रविवारी सकाळी बायडाबाई घळीपर्यंत जायची, आणि तिला न्यायला चांदीचे पैंजण घडवणारा जोतीराम हुपरीहून पहिल्या एसटीनं यायचा. दोन वर्षांत एक रविवार चुकला नव्हता.

"पाटीवर काय लिवणार?" त्यानं विचारलं.

"माझ्या प्रसेनजीतचं नाव. पाय घसरून पडलेल्याला वाचवताना गेला, असं कायतरी."

तो 'पडलेला' म्हणजे जोतीरामच.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात ओढा दुथडी भरून चालला होता. घळीत चिटपाखरू नव्हतं. कुठून तरी प्रसेनजीत पाण्यात आला, त्यानं जोतीरामला मानगुटीला धरून कठड्याशी ढकललं. जोतीरामनं लोखंडी गज घट्ट धरला, मागं वळून बघितलं, तर पाण्यावर कुणीच नव्हतं. बायडाबाईच्या मंगळवार पेठेत लोक अजून म्हणायचे, पंचगंगेच्या पुरात पोहून आरपार जाणारं पोरगं ओढ्यात बुडलंच कसं?

प्रसेनजीत गेल्यावरच्या जलदान विधीच्या दिवशी तो घाबरत घाबरत बायडाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला होता. बायडाबाईनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि "जेवून जा," एवढंच म्हणाली. घळीत काय घडलं, ते तिनं तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या बागेत बाकावर बसलेला गुंडू पेंटर उठून उभा राहिला.

"जय भीम, आक्का! पाटी मीच रंगवतोय. वाघ हुता तुमचा पोरगा."

बायडाबाईनं नुसती मान हलवली आणि पाय उचलला.

घळ सुरू झाली तसं ऊन मागं राहिलं. कातळांवरनं पाणी ठिबकत होतं, फरशी काळी पडली होती. पुढच्या रविवारी ते खोटं सगळ्या गावासमोर टांगलं जाणार होतं.

"मावशी," तो थांबून म्हणाला, "माझा पाय घसरला न्हवता."

ती थांबली.

"माझी बायको, स्वप्नाली, बाळंतपणात गेली. पोर बी गेलं. पैंजण घडवायला बसलं की डोळ्यांम्होरं तीच यायची. त्या दिवशी मी परत न जायला आलतो हितं. मीच उडी टाकली." त्याचा आवाज फाटला. "ज्याला जगायचंच न्हवतं, असल्या माणसापायी तुमचा लेक गेला. मी तुमच्या घरात जेवायला बसलो, तुमचा हात धरला, पर सांगायचं धाडस झालं न्हाय."

ती आता किंचाळेल, थोबाडीत मारेल, वाटेवरच्या लोकांना गोळा करेल. तो त्या तयारीनंच आला होता. त्यानं मान खाली घातली.

बायडाबाईनं त्याचा हात सोडला. कठड्याला धरून ती हळूहळू दगडावर टेकली आणि खालच्या पाण्याकडं बघत राहिली.

"दोन वरसं हे पोटात ठेवलंस?"

"व्हय."

"आन् आता?"

"आता तुम्ही काय कराल ते करा. मला तोंड दाखवू नको म्हणा. न्हाय दाखवणार."

पदरानं तोंड पुसून बायडाबाईनं त्याला जवळ बसायची खूण केली. तो बसला.

"दोन वरसं मी बी ठेवलंय," ती म्हणाली. "प्रसेनजीत बी परत यायचा न्हवता, जोतीराम. त्या दिवशी सकाळीच 'मला जगायचं न्हाय' अशी चिठ्ठी घरात ठेवून गेलता."