टोचलं की सांगा

"आई गं!" बसड्रायव्हर कळवळून ओरडला आणि सगळा वॉर्ड खूश झाला. त्याच्या बोटाला सुई टोचलेली कळली होती.

शेजारच्या खाटेवरच्या घड्याळजीचा मात्र जळफळाट झाला. आजार दोघांचा एकच. नसांना सूज आलेली, वायरवरचं रबर जळावं तसं त्यांचं वेष्टण गेलेलं. दाखल एकाच आठवड्यात, सूज उतरवायचं इंजेक्शनही एकच. आणि बोटं आधी जागी झाली कुणाची? ज्याला नुसतं स्टिअरिंग धरायचंय त्याची! केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणाऱ्यानं काय बघत बसायचं? मेल्याचं ते ओरडणंसुद्धा त्याला सहन होईना.

"आता तुम्ही. डोळे मिटा, टोचलं की सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घड्याळजीनं डोळे मिटले. काही म्हणता काही कळेना. पण बाई टोचायला वाकल्या, की त्यांचं स्टूल कुरकुरायचं. जन्मभर घड्याळं कानाला लावून त्यांचे रोग ओळखणाऱ्याला तेवढं पुरे होतं. स्टूल वाजलं की तो म्हणे, "टोचलं." बाई मुद्दाम थांबल्या, तर तोही गप्प. एकदाही चुकला नाही.

"छान! दहाही बोटं! सूज उतरली म्हणायची. उद्यापासून इंजेक्शन बंद."

"बघा, मी म्हणत नव्हते?" पायथ्याशी बसलेल्या बायकोचे डोळे भरून आले.

"वा, घड्याळजी! आम्हाला मागं टाकलंत की," ड्रायव्हर मनापासून म्हणाला. "माझी दोनच कळतात. माझं इंजेक्शन आहेच चालू."

घड्याळजीनं मनाशी हिशेब केला. औषध थांबलं, तर ती सूज उरलेल्या नसाही खाणार. मग दुकान कायमचं बंद. आता त्याला ड्रायव्हरच्या इंजेक्शनाचाही हेवा वाटायला लागला.

"बाई, परत टोचा," तो खाली बघत म्हणाला. "या वेळी माझ्या कानात बोळे घाला. तुमचं स्टूल वाजतं."

"अहो, हे काय!" बायको म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

बाईंनी कापसाचे बोळे घातले. त्यानं डोळे घट्ट मिटले. सुई अंगठ्यापासून करंगळीपर्यंत गेली, दुसऱ्या हातावरून फिरून आली.

"हं," घड्याळजी म्हणाला, "करा की सुरू."