जास्तीचं अक्षर

"वने, हे माजं नाव हाय," गोदूबाईंनी तलावाकाठच्या बाकावरच्या संगमरवरी पाटीवर बोट ठेवलं. "पर त्याच्याम्होरं हे एक अक्षर जास्तीचं हाय. काय हाय ते?"

वनिताने वाचलं. 'कै. गोदूबाई यांच्या स्मरणार्थ.' आणि आई तर समोर उभी, धडधडीत जिवंत, पदराने बाक पुसत!

"बोल की गं."

"मोठ्या माणसांच्या नावापुढं लावतात, आये. मानाचं असतं ते."

गोदूबाई हरखल्या.

त्यांना स्वतःच्या नावाची चारच अक्षरं येत. तीही लेकाने, पंढरीने शिकवलेली. टेमघरचं शेत गोडाउनसाठी द्यायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, "आये, अंगठा कशाला? झोकात सही कर." शाळेची पाटी आणून, हात धरून त्याने आठ दिवस गिरवून घेतलं. सही झाली. शेतावर गोडाउन उभं राहिलं, एकाची चार झाली, पंढरीचा पंढरीशेठ झाला आणि ठाण्याला राहायला गेला. "चार दिवस ताईकडं राहा, मग नेतो," असं आईला सांगून गेला. त्याला आता नऊ वर्षं झाली. ते चार दिवस काही संपले नाहीत, आणि गोदूबाई कामतघरच्या चाळीत वनिताकडेच राहिल्या.

लोक आधी पंढरीशेठच्या नावाने बोटं मोडत. इथल्या मातीवर मोठा झाला, इथं काय दिलं? मग त्याने तलावाकाठी बारा बाक बसवले आणि सगळ्यांची तोंडं गोड झाली. टपरीवर चहा पिताना माणसं म्हणू लागली, श्रीमंताने असंच समाजाला परत द्यावं. ते 'कै.' काय कुणी वाचलं नसेल? गोदूबाईंना ओळखणारे निम्मे लोक रोज त्याच बाकांवर टेकत होते! पण एवढं देणाऱ्याची चूक कोण काढणार? एका अक्षराचं काय घेऊन बसायचं?

वनिताने भावाला फोन केला.

"अगं ताई, स्मरणार्थ म्हटलं की कोरणारा कै. टाकतोच," पंढरी म्हणाला. "आता बारा पाट्या पुन्हा कोण बदलणार? आणि आईला कुठं वाचता येतं? समाजासाठी केलंय ना, ते बघ."

तिला ओरडावंसं वाटलं. पण दारात आई धुतलेलं लुगडं नेसून, तलावावर जायला तयार होऊन उभी होती. नऊ वर्षांत एवढ्या आनंदात तिने आईला पाहिलं नव्हतं. हिला कळता कामा नये, एवढंच वनिताने मनाशी ठरवलं आणि फोन ठेवला.

गोदूबाई मग रोज संध्याकाळी बाकावर जाऊन बसायच्या. पाटीवरून बोट फिरवत राहायच्या. "मला न्हाय तर न्हाय, बाक बघाया तरी ईल त्यो," म्हणायच्या.

नोव्हेंबरात श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. वनिता आईला घेऊन कचेरीत गेली. खिडकीमागच्या क्लार्कने कागद पुढे केला आणि शाईचा पॅड सरकवला.

"अंगठा न्हाय. सही येते मला," गोदूबाई ठसक्यात म्हणाल्या.

वनिता पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स शोधत होती. गोदूबाई जीभ दातांत धरून सावकाश लिहीत होत्या. लिहून झालं. क्लार्कने वाचलं, चष्मा काढला आणि कागद वनिताकडे फिरवला.

छापलं होतं, 'मी हयात आहे.' त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत सही होती, 'कै. गोदूबाई'.

वनिताने कागद पटकन आपल्याकडे ओढला.

"आजी," क्लार्कने हळूच विचारलं, "हे पुढचं अक्षर कुणी दिलं तुम्हाला?"

गोदूबाई लाजल्या.

"माज्या लेकानं. सही बी त्यानंच शिकवली व्हती, बाबा. ह्यो मान मातर आत्ता दिला."