डोक्यातला हंगामी मॅनेजर

श्रीरंगशेठनी महिनाभर डोक्यात बसवून घेतलेला हंगामी मॅनेजर सकाळी काढून टाकला आणि ते आपल्या चिवड्याच्या कारखान्यात शिरले. महिनाभर देह त्यांचाच वावरला होता, पण कारभार त्याने केला होता. बुडता धंदा सावरला होता. शेठना मात्र त्या महिन्यातलं काहीच आठवत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत पोहे भाजणारी बाई हसत आली. "घ्या शेठ, रोजच्यासारखी तुमची भाकरी."

शेठ तिला नावाने हाक मारायला गेले, आणि नावच येईना. कारखान्यावर पत्रेही नव्हते तेव्हापासून ती इथे होती.

बाईचं हसू मावळलं. तिने पदर सावरला.

"अगंबाई, मालक होय तुम्ही!"

शेठनी मान खाली घातली.

"राहू द्या भाकरी," ती हळूच म्हणाली. "पण ते परत कधी येणार?"