सोफ्यासमोरची बाई

पडद्यावर हशा पिकला आणि समीक्षाने आजीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आजी, तू कुठं हायस?"

भामाबाई पडद्याच्या खालच्या काठाकडे बघत होत्या. समोर भलाथोरला पडदा होता, सभागृहाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पडद्यावर सोफा, सोफ्यावर नाडकर्णी साहेब आणि त्यांची बायको, सगळं कसं धुऊन इस्त्री केल्यासारखं लख्ख. साहेब फोनवर कुणाला तरी थाप मारत होते. थाप संपली तसा खालून कुठून तरी बाईचा होकाराचा आवाज आला, "हाव साहेब." आणि पुन्हा हशा.

'नाडकर्ण्यांचा दिवाणखाना' ही जुनी विनोदी मालिका आता ॲपवर आली होती. नव्या रूपात म्हणे. ॲपवाल्या कंपनीने नांदेडला तिचा कार्यक्रम ठेवला होता, कारण मालिकेत मोलकरीण झालेल्या भामाबाई नांदेडच्या. त्यांच्या वस्तीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून ऑटोत दाटीवाटीने बसून आल्या होत्या. धाकटी बहीण तारामती हिमायतनगरहून सकाळच्या गाडीने आली होती. आणि समीक्षा तर लहानपणापासून नुसतं ऐकतच आली होती, आपली आजी टीव्हीत होती म्हणून. घरातली कॅसेट तिच्या जन्माआधीच बुरशी लागून गेली. नातीने एकदा आपलं काम बघावं, एवढ्यासाठी भामाबाई आल्या होत्या. सत्काराचं त्यांना काही नव्हतं.

भामाबाई त्या दिवाणखान्यातच होत्या. सोफ्यासमोर फरशीवर, परात घेऊन शेंगा सोलत. पण जुना टीव्ही चौकोनी आणि आताचा पडदा रुंद. पडदा काठोकाठ भरायचा तर चित्र वरून नाहीतर खालून कापायला लागतं. वरून कापलं तर सोफ्यावरच्यांची डोकी जातात, म्हणून सगळं खालूनच कापलं. खाली कोण बसलंय हे बघायची तसदी कुणी घेतली नाही. मधूनच भामाबाईंच्या केसांचा भांग काठाशी वर यायचा आणि बुडायचा, तेवढाच.

खाली बसायची त्यांना तरी कुठे हौस होती? शूटिंगच्या पहिल्याच दिवशी त्यांनी स्टूल मागितलं होतं. मोलकरीण स्टुलावर कशी बसेल, असं म्हणून सगळे हसले होते. मग बसल्या खाली. आणि खाली बसून असं काम केलं, की साहेबांनी थाप मारली रे मारली की घरोघरचे लोक साहेबांना सोडून फरशीकडे बघायचे. "हाव साहेब" म्हणताना भामाबाई शेंगेवरची नजर सावकाश वर न्यायच्या आणि साहेबांवर ठेवायच्या. बस्स. लोक हसायचे ते त्या नजरेला. आता नजर गेली आणि हशा राहिला. तो फुकटात साहेबांना मिळत होता, आणि सभागृहातले लोकही त्यांच्याच तोंडाकडे बघून हसत होते.

"अक्का, तुझं कधी येतं गं?" तारामतीने भाबडेपणाने विचारलं.

"येऊन गेलं," भामाबाई म्हणाल्या.

दिवे लागले. सूत्रसंचालक पोरगेलासा होता, अंगात चमकता कोट. मालिका त्याने ॲपवरच बघितली होती, हे त्याच्या पहिल्याच वाक्याला कळलं. पडद्यावर एकदाही न दिसता केवळ आवाजाच्या जोरावर घराघरांत पोचलेल्या कलावंत, अशी त्याने भामाबाईंची ओळख करून दिली. बिनचेहऱ्याची बाई, असाही एक शब्द त्याने वापरला आणि त्यावर टाळ्या घेतल्या. भामाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समीक्षा तिथल्या तिथे उठून त्याला सांगायला निघाली, तर त्यांनी तिचं मनगट धरून खाली बसवलं आणि स्वतः स्टेजवर गेल्या.

शाल झाली, हार झाला. मग पोराने माईक पुढे केला. आजी, एकदा होऊन जाऊ द्या ते 'हाव साहेब', सगळे त्याचीच वाट बघतायत, अशी त्याने गळ घातली. सभागृहाने टाळ्यांचा ठेका धरला.

भामाबाईंनी माईक त्याच्या हातात परत दिला. त्यांच्यासाठी ठेवलेली गुबगुबीत खुर्ची ओलांडून त्या स्टेजच्या पुढच्या कडेला आल्या, गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसल्या आणि मांडी घातली. ठेका विस्कटला. वस्तीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भामाबाईंनी मान खाली घातली, आणि मग नजर सावकाश उचलून त्या पोरावर ठेवली. तोंडातून शब्द नाही. पोरगा आधी हसला, मग नुसताच बघत राहिला आणि शेवटी माईकच्या वायरशी चाळा करायला लागला. समीक्षाने आजीचं काम पहिल्यांदा बघितलं ते असं.

मागच्या रांगांना काही दिसेना. लोक खुर्च्यांवरून उठून टाचा उंचावून बघायला लागले. तिवईवर कॅमेरा लावून उभा असलेला माणूस वैतागला. त्याचं हे सगळं ॲपवर थेट जात होतं.

"आजी, वर खुर्चीवर बसा की," तो ओरडला. "खाली तुम्ही फ्रेममधी येऊन न्हाई राहिले."

"मग तू वाक," भामाबाई नजर न हलवता म्हणाल्या.