ड्रममधला धूर
२०२१ची दिवाळी होती. एप्रिलमध्ये कोरोनाने आमच्या मालकांना नेलं. यवतमाळच्या दवाखान्यातून बांधलेलं शरीर परस्परच जाळलं, मुलाला, रोहिदासला, बापाचं तोंडही दिसलं नाही. “पाहालंच नाई, तं मेला कसा म्हणू?” तो म्हणायचा. आम्हा बंजाऱ्यांत दिवाळीला निखाऱ्यांवर तूप-लापशी टाकतात आणि वारलेल्यांना नावाने हाक मारतात. घरात ती हाक आता त्यानेच मारायची होती. तो मात्र सकाळपासून अंगणात झटत होता. त्याला धाबा टाकायचा होता, म्हणून मोबाइलवर पाहून ऑइलच्या ड्रमची त्याने धुरावर मटण शिजवायची भट्टी केली होती: खाली भोकं, आत बाभळीचे निखारे, वर टांगलेली बोकडाची मांडी आणि घट्ट झाकण. मी तुपाची वाटी पुढे केली. “चुलीत टाक, याडी,” तो मला, आईला, म्हणाला. “झाकण काढलं तं मटन कच्चं राहीन.” सून म्हणाली, “चूल कुठं पेटवली आज? तुमच्या ड्रमच्याच भरोशावर बसलो सारे.” मी त्याला म्हटलं, “एकदा बांधून नेलं त्याहिले. आता त्याहिच्या वाटचा धूरही कोंडून ठेवतं का रे?” त्याने फडक्याने झाकण उचललं, निखाऱ्यांवर तूप सोडलं. धूर सरळ वर गेला. “बापू थावरसिंग, जेवाले या,” तो म्हणाला आणि तिथेच बसून रडला. मटण कच्चंच राहिलं. पुढे रोहिदासचा धाबा दारव्हा रस्त्यावर सुरू झाला, सून तिथे भाकरी थापते. मालक गेल्यावरही त्यांची खाट मी त्या दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी अंगणात टाकत होते. ती हाक मारली त्या दिवसापासून टाकली नाही.